ज्यांची गाडीच नाही त्यांचं ट्रॅफिक

2025 च्या पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरात मुकुंदवाडी, बीड बायपास, पैठण रोड असं करत मनपाचे जेसीबी फिरले, रस्त्याकडेची बांधकामं पडली, आणि तेव्हापासून जिथं जावं तिथं एकच वाद, पाडलं ते बरोबर का चूक. एक बाजू म्हणते, रस्ते अडवून बसले होते, पाडलं ते लै बरं झालं, आता रस्ता रुंद होईल, वरून शेंद्रा ते वाळूज, या दोन औद्योगिक वसाहतींमध्ये अखंड उड्डाणपूल होईल, मेट्रो येईल, ट्रॅफिकची कटकट संपेल. दुसरी बाजू म्हणते, गरिबाच्या पोटावर पाय दिला, आयुष्यभराची कमाई एका सकाळी मातीत गेली. हे दुःख खरं आहे, त्यावर वेगळं लिहायला पाहिजे. पण दोन्हीकडचं ऐकून झालं की एक गोष्ट खटकत राहते, दोघांच्याही डोक्यात रस्ता म्हणजे गाड्यांचाच रस्ता. भांडण एवढंच की गाडीला किती जागा द्यायची आणि दुकानाला किती. त्याच रस्त्याच्या कडेनं रोज सकाळी डबा घेऊन पायी कामाला जाणारी जी माणसं आहेत, बिगारी, धुणंभांडी करणाऱ्या बाया, हॉटेलातली पोरं, वॉचमन, कंपनीतले कंत्राटी कामगार, त्यांचं नाव या वादात कुणी घेतच नाही.

माझं म्हणणं असं आहे की पायी चालणं ही आपल्या शहरातल्या गरिबांची वाहतूक आहे आणि ती वाहतूक म्हणूनच मोजली पाहिजे, तिच्यासाठी बजेटमध्ये वेगळा पैसा पाहिजे, आणि रस्ता रुंद करताना पहिली जागा तिला सोडून मग उरलेली गाड्यांना. आज बरोबर उलटं चाललंय. आधी डांबर पडतं, दुभाजक बसतो, आणि कडेला चार फूट उरलेच तर तिथं गट्टू बसवून त्याला फुटपाथ म्हणायचं. चालण्याचा विषय निघाला की आपल्याकडं जॉगिंग ट्रॅकची मागणी होते. जॉगिंग ट्रॅक चांगलाच, पण तिथं माणूस फिरून परत आपल्या जागी येतो. मी ज्या चालण्याबद्दल बोलतोय ते कामावर पोचायचं चालणं आहे, उशीर झाला की खाडा लागतो असलं.

मिसारवाडी किंवा ब्रिजवाडीतून सिडकोत कामाला येणाऱ्या एखाद्या ताईचा हिशोब मांडून बघा. शेअर रिक्षाला एका बाजूचे वीस धरले तर दिवसाचे चाळीस, महिन्याला हजाराच्या वर गेले. एका घरच्या धुण्याभांड्याचे तिला साधारण तेवढेच मिळतात. ओळखीतल्या एका मावशींनी हे सगळं गणित एका वाक्यात सांगितलं होतं, "रिक्षात बसले की एक घर फुकट जातं." म्हणून चालायचं. सकाळी तीन किलोमीटर म्हणजे पाऊण तास, मग चार घरं, मग परत तेवढंच, आणि घरी गेल्यावर पाणी भरायचं, स्वैपाक करायचा. हे चालणं फुकटात होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी पायातल्या चपलांकडं बघावं. टाचेकडून आरपार झिजलेली, अंगठा तुटला म्हणून तारेनं बांधलेली, आणि शिवायला टाकायची तर दुसरा जोड नाही म्हणून चप्पल शिवणाऱ्या मामांसमोर एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभं राहायचं, खाली डांबर तापलेलं. मार्च 2023 ला एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा स्टँडवर बायकांची गर्दी कशी वाढली हे सगळ्यांनी बघितलंय. त्यांना जायचं होतंच, तिकीट आडवं येत होतं. पण एसटीतून उतरल्यावर शहरातलं पुढचं अंतर? तिथं शेअर रिक्षा पूर्ण पैसे घेते, नाहीतर आपले पाय.

आता कुणी म्हणेल, अशी माणसं असून असून किती असणार. 2011 च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकी कामं करणाऱ्यांना, म्हणजे देशभरातल्या सुमारे 20 कोटी लोकांना, कामावर कसं जाता हे विचारलं होतं. पायी जाणारे साडेचार कोटींच्या आसपास निघाले. सायकल, मोटारसायकल, बस, कुठल्याही एका साधनापेक्षा हा गट मोठा होता, आणि कारनं जाणारे होते 54 लाखांच्या आसपास. आकडा जुना आहे हे मान्य, त्यानंतर बाइका भरपूर वाढल्या. पण बाइक वाढली कुणाची? घरात एक बाइक आली तर ती घरातला कर्ता पुरुष नेतो, बायको आणि शाळेतलं पोरगं पायीच राहतात.

मोजणीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रस्ता किती रुंद पाहिजे, उड्डाणपूल लागतो का, हे ठरवायला इंजिनिअर लोक चौकात उभं राहून गाड्या मोजतात आणि प्रत्येकीला पीसीयू नावाच्या मापात बसवतात. कार म्हणजे 1, बाइक साधारण अर्धी, बस-ट्रक दोन-तीनच्या घरात, सायकलला आणि हातगाडीला पण त्यात आकडा आहे. पायी चालणाऱ्याला त्यात आकडाच नाही. त्यांची वेगळी मोजणी करायची सोय नियमांत आहे, रस्ता ओलांडायची जागा ठरवायला ती करायची असते, पण पुलाची आणि रुंदीकरणाची फाइल पुढं सरकते ती पीसीयूवर. म्हणजे कारमध्ये एकटा माणूस बसला तर तो कागदावर एक पूर्ण युनिट आणि तिच्या शेजारून वीस मजूर पायी गेले तर कागदावर शून्य. मग त्या कागदावरून निघणारं उत्तर पायी चालणाऱ्याच्या कामाचं कसं असेल? केंद्र सरकारच्याच 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात लिहिलंय की गाड्या नाही तर माणसं एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं हे उद्दिष्ट आहे. जवळपास वीस वर्षं झाली, चौकातली मोजणी अजून गाड्यांचीच चालू आहे.

गावाकडच्या मजुराच्या बाबतीत मात्र आपण हा विचार आधीच केलाय. रोजगार हमी हा महाराष्ट्रानं देशाला दिलेला विचार, आणि 1972 च्या दुष्काळात याच मराठवाड्यातल्या माणसांनी खडी फोडून, पाट्या वाहून रस्ते बांधले, मैलोन्मैल चालत कामावर जाऊन. पुढं 2005 चा केंद्राचा कायदा आला त्यात नियमच केला की काम पाच किलोमीटरच्या आत द्यायचं, लांब दिलं तर मजुरी दहा टक्के जास्त द्यायची. म्हणजे मजूर जे अंतर तुडवतो त्याला किंमत आहे हे कायद्यानं मान्य केलेलं आहे. मग तोच मजूर परभणीकडचं किंवा हिंगोलीकडचं गाव सोडून मुकुंदवाडीत खोली करून राहिला, सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहिला, की ते अंतर कुणाच्या हिशोबात का राहत नाही? आणि घरकुलं कुठं द्यायचं ठरतं, तर तिसगाव, पडेगाव, सुंदरवाडी, शहराच्या पार टोकाला. जागा तिथंच मिळते हे मला समजतं. पण जिथून पायी काम गाठता येत नाही असं पक्कं घर घेण्यापेक्षा बरीच माणसं कामाजवळ दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत राहणं पसंत करतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आता समोरच्यांचे मुद्दे घेतो, कारण ते पोकळ नाहीत. पहिला मुद्दा, फुटपाथ आहेत, लोकच वापरत नाहीत, रस्त्यावरून चालतात. हे खरंय, मी पण रोज बघतो. पण ते का उतरतात हे बघायला शहरातल्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावर दोनशे मीटर फुटपाथवरूनच चालायचं असं ठरवून निघा. सुरुवातीलाच पायरी गुडघ्याला लागेल एवढी उंच. वर चढलं की पुढं विजेची डीपी, तिला वळसा घालायला जागा नाही म्हणून उतरा. परत चढा, तर चेंबरचं झाकण गायब, त्यात कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवलेली. पुढं शोरूमवाल्यानं गाड्या चढवायला उतार केलाय, त्याच्या पुढं बाइकांची रांग, मग वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स. रस्ते कसे असावेत हे सांगणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत फुटपाथ कमीत कमी 1.8 मीटर मोकळा पाहिजे आणि कडा 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नको असं लिहिलंय. डोक्यावर पाटी असलेली, पोटुशी असलेली, गुडघे गेलेली बाई दोनशे मीटरमध्ये पाच वेळा चढउतार करेल का? ती सरळ डांबरावरून चालते आणि मग हॉर्न वाजवणारा म्हणतो, या लोकांना शिस्त नाही.

दुसरा मुद्दा हातगाड्यांचा, फुटपाथ त्यांनीच खाल्ला असा. काही ठिकाणी खाल्लाय, नाकारून उपयोग नाही. शहागंजात, गुलमंडीवर सणासुदीला चालायला जागा उरत नाही. पण पायी चालणारा आणि हातगाडीवाला यांना एकमेकांसमोर उभं करणं मला चुकीचं वाटतं. हातगाडीवाल्याचं गिऱ्हाईक कोण, तर पायी घरी जाणारा माणूसच, जो वाटेत पावशेर भेंडी आणि दहा रुपयांची कोथिंबीर घेतो. रात्री आठ-नऊ वाजता कामावरून परतणाऱ्या बाईला ज्या रस्त्यावर गाडे आहेत, दिवे आहेत, माणसं आहेत तो रस्ता मोकळ्या अंधाऱ्या रस्त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित वाटतो. सुप्रीम कोर्टानं 1985 मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात रोजीरोटीचा हक्क राज्यघटनेच्या 21 व्या कलमात, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो असं सांगितलं, आणि मे 2025 मध्ये फुटपाथवरून सुरक्षित चालायचा हक्क पण त्याच 21 व्या कलमात येतो असं सांगितलं. दोन्ही हक्क एकत्र बसवायची रीत 2014 च्या पथविक्रेता कायद्यात दिलेली आहे, विक्रेत्यांचा सर्व्हे करा, जागा आखून द्या, ज्या समितीत 40 टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतील तिच्यामार्फत ठरवा. ते सोडून थेट जेसीबी आणला की होतं काय, गाडे हटतात आणि त्या जागी संध्याकाळपर्यंत चारचाकी पार्क होतात. चालणाऱ्याला काय मिळालं?

शिस्तीची भाषा ऐकली की मला 8 मे 2020 ची करमाडजवळची पहाट आठवल्याशिवाय राहत नाही. जालन्याच्या स्टील कंपनीत काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर, लॉकडाउनमध्ये गाडी नाही, काम नाही, म्हणून रेल्वेच्या रुळाच्या कडेनं पायी भुसावळकडं निघाले, रात्रभर चालून थकले, रुळावर टेकले आणि झोप लागली. मालगाडीखाली 16 जण गेले. रुळावर पडलेल्या पोळ्यांचे फोटो सगळ्या देशानं बघितले. तेव्हा पण पहिला प्रश्न हाच विचारला गेला की रुळावर कशाला झोपले. रुळावरून चालायची वेळ का आली हा प्रश्न मागं पडला. ती आपत्ती होती, रोजचा दिवस तसा नसतो, हे मान्य. पण दोष शोधायची सवय तीच आहे. दुभाजकाची जाळी वाकवून रस्ता ओलांडणारा माणूस दिसतो, त्याला पुढचा कट अर्धा किलोमीटर लांब ठेवणारा नकाशा दिसत नाही. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यात 32,825 पायी चालणारी, म्हणजे पाचातला एक. हे सगळेच्या सगळे बेशिस्त होते का? 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीत तर रस्त्याची रचना नियमाप्रमाणे नसेल आणि त्यामुळं जीव गेला तर बांधणाऱ्याला आणि सांभाळणाऱ्याला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद झालीय. ती वापरलेली आपल्या भागात कुणी बघितलीय?

तिसरा मुद्दा उन्हाचा. मराठवाड्याच्या उन्हात कोण चालणार, मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा त्रेचाळीसच्या वर, तुम्ही युरोपातल्या गोष्टी इथं सांगू नका. या मुद्द्यात दम आहे, पण त्यातून निघणारं उत्तर वेगळं आहे. त्या उन्हात चालणारे आजही चालायलेतच, त्यांनी काही चालणं बंद केलेलं नाही. मग सावली ही रस्त्याच्या कामाचाच भाग धरायला नको का? आपण रुंदीकरणात पहिली कुऱ्हाड कडेच्या कडुलिंबांवर चालवतो आणि दुभाजकात शोभेची झुडपं लावतो, ज्यांची सावली कुणाच्याच डोक्यावर पडत नाही. कडेला लिंब ठेवले, दर पाच-सातशे मीटरवर पाण्याचा माठ आणि टेकायला ओटा ठेवला तर तेच अंतर माणसाला झेपतं. पूर्वी गावोगावच्या रस्त्यांवर पारही होते आणि पाणपोयाही होत्या, म्हणजे ही गोष्ट आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही.

याच्याच जोडीला येणारा मुद्दा, गरिबाला पण बाइकच पाहिजे, त्याला फुटपाथमध्ये इंटरेस्ट नाही. बाइक पाहिजेच त्याला, आणि मिळावी, गरिबानं कायम पायीच चालावं असं माझं अजिबात म्हणणं नाही, उलट स्वस्त सिटी बस पहाटे पाचपासून मजुरांच्या वस्त्यांपर्यंत गेली पाहिजे असं मी म्हणतो. पण बसला पण पायीच जावं लागतं आणि बाइकवाला पण पार्किंगमधून उतरला की पायीच असतो.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा, रुंद सरळ रस्ता म्हणजे विकास. यावर मराठवाड्यानं स्वतःचा अनुभव विसरू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या 52 गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं. घरं मजबूत झाली, ते गरजेचंच होतं, त्याबद्दल ज्यांनी काम केलं त्यांचे उपकार आहेत. पण नवी गावं शहराच्या लेआउटसारखी आखली, रुंद सरळ रस्ते, मोठे प्लॉट, आणि गाव जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरलं. नकाशात छान दिसणारं ते अंतर म्हाताऱ्या माणसाला पायानं कापावं लागलं, शेत लांब गेलं, शेजार लांब गेला. याच्या उलट लातूरची गंजगोलाई बघा, मधोमध गोल बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते, एका चकरेत माणूस किराणा, भांडी, कापड सगळं पायी करून घरी जातो. ती पण नकाशावर आखूनच केलेली, फक्त आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चालणारं गिऱ्हाईक होतं. आणि नवीन काळात हे जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी नांदेड आहे. 2008 च्या शिखांच्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्तानं जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर सुधारणा योजनेच्या पैशातून तिथले रस्ते झाले त्यात रुंद फुटपाथ, सायकलची वाट, बसायच्या जागा आखल्या होत्या. पुढं निगा किती राहिली हा वेगळा वाद घालता येईल, पण मराठवाड्यातल्या मनपाला असा रस्ता बांधता येतो एवढं तरी सिद्ध झालं.

उड्डाणपुलाच्या बाजूनं जे बोलतात त्यांचा एक मुद्दा मी मानतो. जालना रोडवर सगळं शहर येऊन पडतं, शेंद्रा एका टोकाला, वाळूज दुसऱ्या टोकाला, मधे कंपन्यांच्या बस आणि अँब्युलन्स अडकतात, हे खोटं नाही. थेट जाणारी वाहनं वरून गेली तर खालचा रस्ता हलका होईल असं ते म्हणतात. होईलही. पण तो हलका झालेला रस्ता कुणाला द्यायचा हे आज कागदावर लिहून ठेवलं नाही तर तो परत गाड्यांनीच भरणार, आणि वेग वाढलेला असल्यामुळं ओलांडणाऱ्याला आणखी अवघड होणार. पुण्यानं 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. चेन्नईच्या मनपानं 2014 च्या धोरणात वाहतुकीच्या बजेटचा किमान 60 टक्के हिस्सा पायी आणि सायकलवाल्यांसाठी ठेवायचं ठरवलं. सगळं जमिनीवर उतरलंय असं नाही, तरी तिथल्या माणसाला हातात धरून भांडायला एक कागद तरी आहे. पुलाच्या टेंडरमध्येच खालच्या रस्त्याचं पण काम पाहिजे, दोन्ही कडेनं सलग फुटपाथ, दर तीनशे मीटरवर जमिनीवरूनच ओलांडायची उंचवट्याची जागा, सिग्नलला म्हातारा माणूस पार होईल एवढा वेळ. पादचारी पूल नको. चाळीस पायऱ्या चढून चाळीस उतरायच्या हे दिवसभर विटा वाहिलेल्या माणसाला सांगणं बरोबर नाही, गाडी थांबवायला ड्रायव्हरला नुसता पाय दाबावा लागतो.

शेवटी अधिकारी एक वाक्य हमखास ऐकवतात, पायी चालणाऱ्यांच्या तक्रारीच येत नाहीत. कशा येतील? तक्रार द्यायला ऑफिस उघडतं ते दहाच्या पुढं, तेव्हा मिस्त्रीच्या हाताखाली माल कालवणं चालू असतं, आणि अर्ज घेऊन गेलं तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून तक्रारीची वाट न बघता मनपानं स्वतः माणसं मोजावीत, गाड्या मोजतात तशीच, प्रत्येक चौकात, पुलाचा आणि रुंदीकरणाचा नकाशा पक्का व्हायच्या आधी. आणि ती मोजणी ऑफिसच्या वेळेत नको. सकाळी सहा ते आठ मुकुंदवाडी, पुंडलिकनगर, मिसारवाडीच्या तोंडाशी, शिफ्ट सुटताना वाळूजकडच्या रांजणगाव आणि जोगेश्वरीला, आणि संध्याकाळी सात ते नऊ सिडकोतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर, बाया आणि पुरुष वेगवेगळे मोजून.